एकेचाळीस वाडगे

वाल्लिला, हेलसिंकी
३ मार्च २०२३

आदरणीय हेल्लेवी मावशी,

अठरा वर्षांत एकदाही विचारपूस न करता आज अचानक तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल सर्वप्रथम क्षमा मागते. हे पत्र मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा फाडले. पाचव्यांदा फाडले नाही, ते धीर आला म्हणून नव्हे. घरातले चांगले कागद संपले म्हणून.

मी साइमी हाकोमाकी. मोठ्या बागेसमोरच्या पिवळ्या लाकडी घरांपैकी तिसऱ्या घरात आम्ही राहत असू. घराची किल्ली लाल लोकरीच्या दोरीत ओवून गळ्यात घालणारी आणि झोके सोडून मेपलखाली पुस्तक घेऊन बसणारी मुलगी आठवली, तर ती मी. तुम्ही मला 'प्राध्यापकीणबाई' म्हणत असा. सध्या मी आपल्याच वस्तीतल्या ग्रंथालयात काम करते.

बागेला या उन्हाळ्यात नव्वद वर्षे पूर्ण होतात. रहिवासी मंडळ त्यानिमित्त आठवणींचे पुस्तक काढत आहे आणि त्याचे संकलन माझ्याकडे आले आहे. खेळघराच्या भिंतीवर एक फलकही लागेल; आजवर इथल्या मुलांना सांभाळणाऱ्या सगळ्या बागमावश्यांची नावे त्यावर असतील. त्या यादीत दहा नावे आहेत. बावीस वर्षे बागेत उभ्या राहिलेल्या हेल्लेवी तान्स्कानेन यांचे नाव त्यांत नाही.

तुमच्या आठवणी लिहून पाठवाल का? मला तर सगळे काल घडल्यासारखे दिसते. बर्फात हरवलेले हातमोजे तुम्ही कुंपणाच्या टोकांवर एकेक अडकवून ठेवत असा, आणि मार्चमध्ये ते सगळे कुंपण आम्हाला हात हलवून बोलावते आहे असे वाटे. पांढऱ्या गालांचे रानहंस हिरवळ घाण करीत, तेव्हा तुम्ही झाडू उगारून त्यांना "तुमच्या आया कुठे आहेत रे?" असे विचारत असा. टेकडीवरची ती लांब घसरगुंडी, आणि उन्हाळ्यात दुपारी बाराला गाडीतून येणारे गरम सूप. ज्याने त्याने आपला वाडगा आणि आपला चमचा घरून आणायचा, हा नियम आजही आहे.

उत्तर दिले नाहीत तरी मी समजून घेईन.

आपली नम्र,
साइमी हाकोमाकी


ईसाल्मी
११ मार्च २०२३

साइमी,

कागद संपले म्हणून पत्र पोचलं, हे वाचून हसले. त्यानंतर मात्र हसू आलं नाही.

तुझ्या पत्रात हंस आहेत, हातमोजे आहेत, घसरगुंडी आहे. भाऊ नाही. मी बावीस वर्षं मुलं मोजलीत, पोरी. एक कमी असलं की मला कळतं. एकदा कळलं नाही, ते तुला माहीत आहेच.

आईने लिहायला लावलं असेल, तर तिला सांग की माझ्याकडून काढून घेण्यासारखं आता काही उरलेलं नाही. गुडघे आहेत, तेही बदललेले. माझी माफी हवी असेल तर ती मी तेव्हाच मागितली होती, दारात उभी राहून. दार तिने लावून घेतलं. तिचं बरोबरच होतं.

फलकावर नाव नको. बागेला माझा नमस्कार सांग.

हेल्लेवी


वाल्लिला, हेलसिंकी
१८ मार्च २०२३

आदरणीय मावशी,

भावाविषयी मी लिहिले नाही, हा भेकडपणा होता. तुम्ही तो एका ओळीत पकडलात.

वेती आता तेवीस वर्षांचा आहे. सायकली दुरुस्त करतो आणि आमच्या वस्तीत त्याच्या तोडीचा कारागीर नाही. डावा पाय तीन शस्त्रक्रियांनंतरही आखूडच राहिला. जिना चढताना एक पाऊल जड पडते आणि एक हलके. त्या दिवसाचे त्याला काही आठवत नाही. आम्हीच त्याला सांगितले, की तू बागेतून पळालास आणि व्हॅनखाली आलास. घरात त्याचे नावच 'पळपुट्या' पडले आहे. तो चिडत नाही, हसतो.

मी हे पत्र लिहिते आहे, हे आईला ठाऊक नाही. तिचा या पत्रांशी काही संबंध नाही.

पुस्तकासाठी जुने कागद चाळताना मला चौकशीचा अहवाल सापडला. दिनांक १४ जुलै २००५, गुरुवार. 'मोजलेली मुले: एकेचाळीस. प्रत्यक्ष उपस्थित: चाळीस. मूल बागेबाहेर गेल्याची वेळ: अज्ञात.' खाली तुमचा जबाब आहे, चारच शब्दांचा: 'मोजणी माझी, चूक माझी.' बाकी सर्व प्रश्नांपुढे 'उत्तर दिले नाही' असे लिहिले आहे.

मी यादी घेऊन मंडळाचे अध्यक्ष राइमो वुओरेला यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "अहो साइमी, तुमच्याच घरचं दुःख ते. तुमच्यासाठीच तर नाव गाळलं!" मी यादी घेऊन तशीच परत आले. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता. पुस्तक आणि फलक दोन्हींचा मजकूर शुक्रवार, २८ एप्रिलला दुपारी बारापर्यंत द्यायचा आहे. त्यानंतर पितळेवर जे कोरले जाईल ते कायमचे.

एकच विचारते. मुले चाळीस असताना मोजणी एकेचाळीस कशी आली?

आपली,
साइमी


ईसाल्मी
२७ मार्च २०२३

साइमी,

विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

साडेअकराला मी घंटा वाजवायचे. तुम्ही पोरं धावत येऊन खेळघरापुढच्या कट्ट्यावर आपापले वाडगे रांगेने मांडायचात. वाडगा ठेवला की रांगेतली जागा पक्की, मग पुन्हा खेळायला मोकळे. मी वाडगे मोजायचे, आकडा खडूने पाटीवर लिहायचे आणि सूपवाल्या गाडीला कळवायचे. नियम डोकी मोजायचा होता. पण कोण झाडावर, कोण वाळूच्या हौदात, कोण पाण्यात. डोकी पळतात, वाडगे पळत नाहीत. असं मीच सगळ्यांना ऐटीत सांगायचे. माझ्याआधीच्या मावशीही तसंच करायच्या. कधी चुकलं नव्हतं.

त्या दिवशी दुसरी मावशी रजेवर होती. एकेचाळीस वाडगे होते, मी एकेचाळीस लिहिलं. त्यांतला एक तुझ्या भावाचा. वाडगा होता, मूल नव्हतं.

झालं? आता हा विषय मिटव. मी इथे सुखात आहे. तळ्यावर अजून बर्फ आहे, शेजारीण मासे आणून देते, आणि मला कुणाला मोजावं लागत नाही.

हेल्लेवी


वाल्लिला, हेलसिंकी
११ एप्रिल २०२३

आदरणीय मावशी,

तुमचे पत्र आल्यापासून दोन आठवडे मी ग्रंथालयात परत आलेली पुस्तके चुकीच्या कपाटांत लावते आहे. आता हे लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

तो वाडगा कट्ट्यावर मी ठेवला होता.

घंटा झाल्यावर वेती माझ्याजवळ आला. त्याचा वाडगा पिशवीत होता, चमचा घरीच राहिला होता. तो म्हणाला, "साइमी, चमचा नाही. मावशी ओरडेल." मी पुस्तकातून मान वर केली नाही. तो रडू लागला. "ते बघ घर. दिसतंय ना? जा आणि घेऊन ये. आईला उठवू नकोस," असे म्हणून मी गळ्यातली किल्ली काढून त्याच्या गळ्यात घातली. आई रात्रपाळी करून झोपली होती. "आणि माझी जागा?" त्याने विचारले. "तुझा वाडगा मी ठेवते रांगेत. पळ!"

मावशी, 'पळ' हा शब्द माझाच होता.

मी खेळघरावरच्या घड्याळाकडे पाहिले. अकरा वाजून चाळीस मिनिटे. सूप यायला वीस मिनिटे होती. एक प्रकरण वाचून होईल, असा हिशेब मी केला. अहवालात जी वेळ 'अज्ञात' आहे, ती मला अठरा वर्षे ज्ञात आहे.

नंतर रांगेत मी दोन्ही हातांत दोन वाडगे धरून उभी होते. तुम्ही विचारलेत, "धाकटे साहेब कुठे?" मी म्हणाले, "झोक्यावर." तुम्ही दोन्ही वाडग्यांत वाटाण्याचे सूप वाढलेत. आणि त्याच क्षणी रस्त्यावरून तो ब्रेकचा आवाज आला.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. त्यांतला एक तुकडा स्वप्न आहे की सत्य, हे मला कधीच ठरवता आलेले नाही. खेळघराच्या स्वयंपाकघरात तुम्ही माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला आहात आणि माझ्या डोक्यावरून लाल दोरी गळ्यात घालता आहात. किल्ली परत माझ्याकडे कशी आली?

तुमची नोकरी माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने गेली. हे मी आईला आणि वेतीला सांगणार आहे, आणि पुस्तकातही लिहिणार आहे. तत्पूर्वी ते तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य होते.

साइमी


ईसाल्मी
१८ एप्रिल २०२३

साइमी, पोरी,

ते स्वप्न नव्हतं.

आवाज ऐकला आणि मी धावले, हातात डाव तसाच. व्हॅनचा चालक रस्त्यावरच बसला होता. तुझा भाऊ श्वास घेत होता. त्याच्या गळ्यात तुझी किल्ली होती. ती लाल दोरी मी रोज बघायचे, गाठसुद्धा ओळखीची. तेव्हाच सगळं समजलं. त्याला कुणी पाठवलं, वाडगा कुणी ठेवला, 'झोक्यावर' कुणी म्हटलं.

रुग्णवाहिका यायच्या आत मी किल्ली काढून खिशात टाकली. मनात एवढंच आलं, की ही किल्ली कुणी पाहिली तर नऊ वर्षांच्या पोरीला जन्मभर हे पुरेल. मग ती तुझ्या गळ्यात घातली आणि तुला म्हणाले, "तू पुस्तक वाचत होतीस. बाकी तुला काही ठाऊक नाही." तू मान हलवलीस. म्हणून चौकशीत मी तोंड उघडलं नाही. एका प्रश्नाचं उत्तर दिलं असतं, तर दुसरा तुझ्यापर्यंत पोचला असता.

आणि मी संत नाही, हेही ऐकून ठेव. "झोक्यावर" म्हणालीस, तेव्हा मला नुसती मान वळवायची होती. झोके माझ्या मागे दहा पावलांवर होते. सूप घट्ट होत होतं, मागे एकोणचाळीस पोरं कलकलाट करत होती, मी वळले नाही. ज्याचा वाडगा त्याच्याच हातात सूप, हाही नियम होता, तोही मोडला. तू नऊ वर्षांची होतीस, मी चौपन्नची. मान वळवण्याचा पगार मला मिळत होता, तुला नाही.

तेव्हा आईला काही सांगू नकोस. एका म्हातारीच्या नावासाठी आपलं घर मोडू नकोस. मी अठरा वर्षं जे झाकलं ते तू उघडलंस, तर मी ते झाकलं कशाला?

सोबत एक वस्तू पाठवते आहे. रस्त्यावर पडली होती. परत करायला दारात आले होते, तोवर दार बंद झालं.

हेल्लेवी


वाल्लिला, हेलसिंकी
२८ एप्रिल २०२३

आदरणीय मावशी,

तुमचे मी ऐकले नाही. यासाठीही क्षमा मागते, परंतु या वेळी पत्र फाडून नव्हे.

गेल्या रविवारी आईकडे जेवण झाल्यावर मी तुम्ही पाठवलेला चमचा टेबलावर ठेवला. वेतीने तो उचलून उजेडात धरला.

"हा कुणाचा? बाहुलीचा?"

"तुझा."

"माझा? एवढासा?" त्याने तो तोंडात घालून पाहिला. "आई, बघ, माझं तोंड किती लहान होतं! आता केवढं झालंय."

"तेव्हाही बंद नसायचंच," आई म्हणाली. ती हसत होती. ते हसू मी शेवटचे पाहते आहे, असे मला वाटले, आणि मी सांगायला सुरुवात केली. पुस्तक, चमचा, किल्ली, वाडगा, 'झोक्यावर', आणि स्वयंपाकघरात तुम्ही परत घातलेली दोरी. धडा वाचून दाखवावा तसे सांगितले. कुठे थांबले असते तर पुढे जाता आले नसते.

आधी आई बोलली. "किल्ली त्याच्या गळ्यात होती?"

"हो."

"म्हणजे दार बंद होतं."

"तू बंद केलं होतंस, आई."

ती उठून खिडकीशी गेली आणि पाठ करूनच बोलू लागली. "कुणीतरी दार बडवून मला उठवलं. बघते तर दार नुसतं लोटलेलं, कपाटाचा खण उघडा, खणापुढे स्टूल. मला वाटलं, कामावरून दमून आले आणि दार लावायचंच विसरले. कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. अठरा वर्षं मला वाटतंय की दार मी उघडं ठेवलं. आणि तक्रार मी त्या बाईची लिहिली. चार पानं लिहिली, साइमी."

मावशी, तुम्ही माझ्यासाठी किल्ली लपवलीत, आणि दार उघडे ठेवल्याचा दोष आईने स्वतःवर घेतला. हे तुम्हाला ठाऊक असणे शक्य नव्हते. मला मात्र एका वाक्यात तो दूर करता आला असता.

वेती इतका वेळ चमचा बोटांत फिरवत होता. "थांबा," तो म्हणाला. "म्हणजे मी पळालो नव्हतो."

त्याने चमचा टेबलावर ठेवला.

"शाळेत, इस्पितळात, दर नाताळाला. 'फाटकाला कडी लावा, पळपुट्या आलाय.' 'पळपुट्याचा हात धरा.' मी पण हसायचो. म्हटलं, असेन बुवा मी तसा. माझ्यामुळे मावशीची नोकरी गेली, माझ्यामुळे आई म्हातारी झाली, माझ्यामुळे तू घाबरट झालीस. आणि मी तर चमचा आणायला गेलो होतो! सांगितलेलं काम करत होतो."

"हो."

"आणि परत येत होतो."

"हो."

"चमचा घेऊन."

"हो, वेती."

"तूसुद्धा म्हणायचीस मला. पळपुट्या. तू सगळ्यांत जास्त."

त्याने जाकीट घेतले. जिन्यावरून एक जड आणि एक हलके अशी त्याची पावले खालपर्यंत ऐकू आली. मी ती मोजली. आईने चमचा धुतला, पुसला, इतर चमच्यांच्या खणात ठेवला. मग पुन्हा बाहेर काढून हातातच धरून बसली. मी निघाले, तेव्हा तिने फक्त तुमचा पत्ता मागितला. मी तो लिहून दिला आहे. ती लिहील की नाही, हे मला माहीत नाही. माझ्याशी ती अजून बोललेली नाही.

तुम्ही मला वाचवलेत, मावशी, आणि मी तुमचे उपकार अखेरपर्यंत विसरणार नाही. पण आपण दोघींनी दोष आपसांत वाटून घेतला आणि ज्याचा पाय गेला त्याला मोजायचे विसरलो. वाडगा होता, मूल नव्हते, तुमचेच शब्द.

चार दिवस वेतीने फोन उचलला नाही. काल संध्याकाळी त्याचा दोन ओळींचा संदेश आला. पहिली ओळ: 'पुस्तकात काय लिहिते आहेस?' दुसरी: 'माझं वाक्य मीच सांगतो.' ते मी अक्षरही न बदलता उतरवून घेतले. त्याखाली त्याने आणखी काही लिहिले नाही. मला क्षमा केली असे नाही, केली नाही असेही नाही.

आज सकाळी दहा वाजता मी मजकूर घेऊन राइमो वुओरेला यांच्याकडे गेले. त्यांनी वाचले आणि चष्मा काढला. "अहो, पुस्तक आनंदाचं आहे. लोक विकत घेऊन नातवंडांना देणार. आणि तुम्ही हे काय लिहून आणलंय? स्वतःबद्दल?"

"हे पान असेल तरच बाकीची पाने देईन," मी म्हणाले. माझा आवाज इतका लहान होता, की त्यांनी "काय?" असे विचारले आणि मला ते पुन्हा म्हणावे लागले. दुसऱ्यांदा म्हणणे अधिक कठीण होते.

त्यांनी पान पुन्हा वाचले. मग फलकाची यादी पुढे ओढून दहाव्या नावाखाली स्वतःच्या हाताने तुमचे नाव लिहिले. "बावीस वर्षं," ते पुटपुटले. "यांतल्या दुसऱ्या कुणाचीच एवढी नाहीत." तुम्ही नको म्हटले होते. हे नाव मी तुमच्यासाठी नव्हे, आमच्यासाठी कोरवून घेते आहे, असे समजा.

पुस्तकातल्या त्या पानावर काय घडले ते मी लिहिले आहे, आणि शेवटी वेतीचे वाक्य आहे: 'मी बागेतून पळालो नव्हतो, मला चमचा आणायला पाठवलं होतं, आणि मी परत येत होतो.'

हे पत्र मी खेळघरापुढच्या कट्ट्यावर बसून पुरे करते आहे. रानहंस परत आले आहेत आणि हिरवळीची दशा तुम्हाला आवडणार नाही. कुंपणाच्या टोकावर एक पिवळा हातमोजा आहे. कुणीतरी अजून ते करते. झोक्यांवर दोन मुले आहेत. मी मान वळवून पाहिले.

पत्रपेटी रस्त्याच्या पलीकडे, आमच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर आहे. घड्याळ तेच आहे. आता उठते आणि रस्ता ओलांडते.

आपली,
साइमी

पेटीत टाकले: शुक्रवार, २८ एप्रिल २०२३, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.